खताच्या पिशवीची मागची बाजू

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला आणि घरी चार झाडं लावायची मुभा मिळाली. ही मुभा माणशी नाही, घरटी आहे. आम्ही राहतो त्या ओंटारिओत वयाची अट १९ वर्षांची. आमचा मुलगा तिशी ओलांडलेला. तो म्हणाला, "बाबा, टोमॅटो-मिरच्या लावताच तुम्ही, त्यात या चार कुंड्या काय जड आहेत?" बी त्यानं परवाना असलेल्या दुकानातून आणलं. माती-खताचं खातं माझ्याकडे आलं, कारण मी सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. गावी भावाला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "दादा, हितं असलं झाड लावलं तर पोलीस दारात येतील." खरंच आहे. भारतात १९८५च्या एनडीपीएस कायद्यानं परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा ठरते.

खत सेंद्रियच घालायचं, हे घरात आधीच ठरलं होतं. पण दुकानात गेलो तर गांडूळखत, लसूणघासाची भुकटी, रक्ताची भुकटी, हाडांचा चुरा, समुद्री शेवाळ, वटवाघळांची विष्ठा, सगळ्याच पिशव्यांवर 'ऑरगॅनिक'चा शिक्का. विक्रेत्यानं फुलोऱ्यासाठी म्हणून भरपूर स्फुरद असलेली एक महागडी पिशवी पुढे केली. ती मी घेतली नाही. त्याआधी मी आमच्याच प्रांतातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे प्रयोग वाचले होते. तिथल्या संशोधकांनी नारळाच्या काथ्यात वाढवलेल्या झाडांना द्रवरूप सेंद्रिय खत वेगवेगळ्या प्रमाणात देऊन पाहिलं. पालवीच्या काळात लिटरमागे ३८९ मिलिग्रॅम नत्र सर्वांत मानवलं. फुलोऱ्यात २१२ ते २६१ मिलिग्रॅम पुरेसं झालं. २०२१च्या दुसऱ्या प्रयोगात फुलोऱ्यातल्या स्फुरदाची योग्य मात्रा लिटरमागे साधारण ५९ मिलिग्रॅम निघाली. पालाश ६० मिलिग्रॅम दिलं काय नि ३४० दिलं काय, उत्पन्नात फरक पडला नाही. हे प्रयोग बिनमातीच्या लागवडीतले, त्यामुळे आकडे माझ्या कुंडीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण दिशा कळते: आधी नत्र, मग हात आखडता, आणि स्फुरदाचा मारा नको.

खरी धास्ती मला धातूंची होती. हे झाड जमिनीतलं कॅडमियम, शिसं, निकेल मुळांवाटे ओढून घेतं. म्हणून तर चेर्नोबिलच्या परिसरात दूषित जमीन साफ करण्याच्या प्रयोगासाठी याच जातीचा हेम्प लावला होता. टोमॅटो आपण धुऊन खातो; याचं फूल वाळवून त्याचा धूर थेट फुप्फुसात जातो. मग खतात काय आहे, हे न बघून कसं चालेल? रॉक फॉस्फेट खनिज आहे, सेंद्रिय शेतीत चालतं, पण त्यात कॅडमियम असू शकतं. समुद्री शेवाळात आर्सेनिक येऊ शकतं. मी दोन कंपन्यांना पत्र लिहून धातूंच्या चाचणीचा अहवाल मागितला. एकीनं तो लगेच पाठवला, दुसरीनं उत्तरच दिलं नाही. निवड तिथेच झाली.

हाडांचा चुरा मी आणखी एका कारणासाठी टाळला. इथे रात्री रकून आणि स्कंक फिरतात. त्या वासानं ते कुंड्या उकरून ठेवतात. वटवाघळांची विष्ठा नको म्हटलं, कारण तिच्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो आणि ती काढताना गुहांतली वटवाघळं उठवली जातात. ताजं शेण तर गावातही कोणी मुळाशी घालत नाही.

शेवटी उरलं ते साधंच. मातीच्या मिश्रणात पाचवा हिस्सा गांडूळखत आणि थोडी लसूणघासाची भुकटी. मिश्रण मेच्या सुरुवातीलाच भिजवून ठेवलं, कारण सेंद्रिय खतातलं अन्न जिवाणूंनी कुजवल्याशिवाय मुळांना मिळत नाही आणि इथल्या थंड मातीत ते काम संथ चालतं. मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर, हिमकणांची भीती सरल्यावर, रोपं बाहेर नेली. जुलैपर्यंत अधूनमधून गांडूळखत भिजवलेलं पाणी दिलं. दिवस लहान होऊ लागले आणि ऑगस्टात झाडांनी फुलोरा धरला, तसं नत्राचं खत बंद केलं. खालची पानं पिवळी पडली तेव्हा मुलगा घाबरला. पण फुलोऱ्याच्या शेवटी झाड जुन्या पानांतलं नत्र वर ओढतं, ते पिवळं पडणारच. या टप्प्यावर आणखी खत घातलं की पानांची टोकं करपतात.

पहिल्या कडक थंडीच्या आत काढणी झाली. उत्पन्न शेजाऱ्यापेक्षा कमी आलं, पण खर्चही त्याच्या निम्म्याच्या आत राहिला, आणि कुंडीत काय काय गेलं ते मला नावानिशी सांगता येतं.

तुम्ही गांजा लावणार नसाल, मेथी आणि पालकच लावत असाल, तरी सांगणं तेच. पिशवीच्या पुढच्या बाजूवरचं चित्र सोडा, ती उलटी करा. नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे बघा, घटक वाचा, धातूंचा अहवाल मागा. अहवाल मिळत नसेल तर पिशवी होती तिथे ठेवून द्या.