बोलकी पाटी

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा सहा वर्षांचा झाला, तरी त्याला वाचा फुटली नव्हती. तो स्वमग्न आहे, हें सर्वांना ठाऊक होतें. त्यामुळें टॅब्लेट आणला तेव्हां त्यावर काय घालावें, याविषयीं घरांत जितकीं माणसें तितकीं मतें पडलीं. प्रथम आम्हीं रंगीत, गाणारीं ॲप्स घेतलीं. त्यांपैकीं एकांत उत्तर चुकलें कीं बेडूक डरांव करी. चिरंजीवांना तो आवाज इतका आवडला कीं ते मुद्दाम चुकूं लागले!

पुढें वाचोपचार करणाऱ्या बाईंनीं विचारलें, "ह्यांतून तो तुम्हांला काय सांगूं शकेल?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मग पवईच्या आय.आय.टी.मध्यें तयार झालेलें 'जेलो' घेतलें. तें विनामूल्य आहे. चित्रावर बोट ठेवलें कीं मराठींत बोलतें. मातोश्रींना शंका आली कीं, यंत्रच बोलूं लागलें तर पोर कशाला बोलेल? परंतु अशा साधनानें वाणी खुंटते असें अभ्यासांत आढळलेलें नाहीं, हें बाईंनीं त्यांना समजावून सांगितलें.

तीन आठवडे त्यानें चित्रांकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. जेवतांना, निजतांना आम्हीच तीं दाबून दाखवीत होतों. एके सकाळीं मातोश्रींनीं नित्याप्रमाणें दुधाचा पेला पुढें केला, तों पाटी म्हणाली, "नको." त्यांनीं पुन्हां पेला पुढें केला. पुन्हां "नको." इतकीं वर्षें ह्याच दुधासाठीं तो रडे, आणि हट्टी म्हणून आम्ही तें त्याच्या गळीं उतरवीत होतों. मातोश्रींनीं पेला मुकाट्यानें स्वयंपाकघरांत नेला.