एकाच तारेवर दोघींची सोय

आमच्या मोहल्ल्यात ज्या दोन-तीन घरांत टेलिफोन सर्वांत आधी आला, त्यांत आमचे घर होते. सासरे, ज्यांना आम्ही सगळे अब्बा म्हणत असू, जहाजावर नोकरीला होते. ते निवृत्त होऊन चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावी परतले आणि 1987 साली त्यांनी फोनसाठी अर्ज केला. प्रत्यक्ष फोन लागला तो 1993 साली. तोवर माझे पती कुवेतला गेले होते. जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांचा फोन यायचा. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी दुपारचे जेवण फोनजवळ बसूनच घ्यायच्या. मिनिटाचे दर इतके जास्त होते, की बोलणे चार-पाच मिनिटांत आटोपायचे. त्या चार मिनिटांवर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा.

2001 साली थोरल्या दिरांच्या मुलाने घरी कॉम्प्युटर आणला आणि त्याच फोनवर इंटरनेट जोडले. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना मोडेमचा तो किरकिरणारा आवाज आठवत असेल. तो मोडेम माणसाच्या आवाजासाठी असलेली वाटच वापरायचा. त्यामुळे इंटरनेट चालू असेतोवर फोन एंगेज. एका रात्री कुवेतमध्ये माझ्या पतींचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. त्यांचे रूम-पार्टनर दोन तास आमचा नंबर फिरवत होते आणि दोन तास एंगेज टोन ऐकत होते. शेवटी त्यांनी शेजारच्या घरी फोन केला आणि शेजारची मुले निरोप घेऊन धावत आली. अल्लाहच्या कृपेने सगळे नीट पार पडले. पण अम्मींनी दुसऱ्या दिवशी मोडेमची वायर स्वतःच्या हाताने काढली. “माझ्या लेकाचा आवाज अडवणारी वस्तू या घरात नको,” एवढेच म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालण्याची कोणाची हिंमत नव्हती, आणि खरे तर त्यांचे म्हणणे चुकीचेही नव्हते.

सात वर्षांनी हाच प्रश्न माझ्या मुलीच्या रूपाने परत उभा राहिला. ती 2008 साली बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला गणित शिकायचे होते. पुण्याला पाठवायला घरातून नकार मिळाला. वडील परदेशी, अम्मींची तब्येत नाजूक, हॉस्टेलचा खर्च वेगळाच. चिपळूणच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातले. पण फॉर्म भरणे, निकाल पाहणे, जुन्या प्रश्नपत्रिका काढणे यासाठी तिला बाजारातल्या सायबर कॅफेत बसावे लागायचे. संध्याकाळची एस.टी. चुकली की घरी यायला अंधार व्हायचा. मोहल्ल्यात कुजबूज सुरू झाली. दीर म्हणाले, “कॉलेज पुरे, हे कॅफे बंद.” मुलगी काही बोलली नाही, पण दोन दिवस तिने पुस्तक उघडले नाही. घरातच इंटरनेट घेतले तर प्रश्न सुटत होता. पण अम्मींचा सात वर्षांपूर्वीचा शब्द आड येत होता.

तेवढ्यात वेगळ्या प्रकारच्या इंटरनेटची माहिती कानावर आली. सरकारने 2004 साली ब्रॉडबँड धोरण जाहीर केले होते आणि सेकंदाला किमान 256 किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या केली होती. आज हा आकडा वाचून मुले हसतील. पण या ब्रॉडबँडची खरी नवलाई वेगात नव्हती. ते घरात आधीपासून असलेल्या टेलिफोनच्या तारेवरूनच येत होते आणि फोन मोकळा राहत होता.

हे कसे शक्य आहे, हे मुलीने आधी स्वतः समजून घेतले आणि मग आजीला समजावले. टेलिफोनची तार म्हणजे तांब्याच्या दोन बारीक तारांची एक जोडी. माणसाच्या बोलण्यासाठी त्या जोडीची फक्त खालची अरुंद पट्टी लागते, सुमारे 4 किलोहर्ट्झपर्यंतची. त्यावरची सगळी जागा शंभर वर्षे रिकामीच पडून होती. एडीएसएल नावाच्या पद्धतीत इंटरनेट साधारण 25 किलोहर्ट्झच्या वर सुरू होऊन 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत जाते. दोघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून एकमेकांना अडवण्याचा प्रश्नच नाही. तारेच्या दोन्ही टोकांना हे आवाज वेगळे करणारे फिल्टर बसवले, की झाले. मुलगी म्हणाली, “दादी, आपल्या विहिरीवर दोन रहाट बसवले तरी पाणी एकच ना, तसेच.” अम्मी म्हणाल्या, “रहाट दोन असले तरी दोर गुंततातच.” त्या काही इतक्यात पटवून घेणाऱ्या नव्हत्या.

पुढे मुलीनेच एकदा सांगितले, की ही युक्ती ज्यांच्या नावावर जमा आहे त्यांतले एक जोसेफ लेक्लायडर हे अमेरिकेतल्या बेलकोअर या टेलिफोन कंपन्यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. शेकडो जोड्या एकाच केबलमध्ये बांधलेल्या असतात आणि एकीचे दुसरीला ऐकू जाऊन गोंधळ होतो. त्यांनी सुचवले, की दोन्ही दिशांना सारखा वेग ठेवण्याचा हट्ट सोडा. घराकडे येणारा वेग जास्त आणि घराकडून जाणारा कमी ठेवा, म्हणजे गोंधळ घटेल. एडीएसएलमधल्या ‘ए’चा अर्थ हाच, असमान. टेलिफोन कंपन्यांच्या मनात तेव्हा इंटरनेट नव्हते, घरोघरी सिनेमे पोहोचवायचे होते. ते राहिले बाजूला आणि उपयोग भलताच झाला.

शेवटी अम्मींनी एक अट घातली. “एकदा जरी माझा फोन एंगेज लागला, तर ही वायरसुद्धा मी काढणार.” अर्ज केला. ऑफिसातून उत्तर आले, तुमच्या एक्स्चेंजमध्ये पोर्ट शिल्लक नाही. पाच महिने हेच उत्तर. मी दर पंधरवड्याला जाऊन उभी राहायचे. बुरखा घातलेली बाई ब्रॉडबँड मागते म्हणून टेबलापलीकडचे लोक आधी बुचकळ्यात पडायचे, मग ओळखीचे झाले. नोव्हेंबरात पोर्ट मिळाला. एक्स्चेंज आमच्या घरापासून अडीच किलोमीटरवर होते, ही मोठी जमेची बाजू. तांब्याच्या तारेवर अंतर वाढते तसा वेग घटतो, आणि पाचेक किलोमीटरच्या पुढे फारसे काही हाती लागत नाही. डोंगरापलीकडच्या वाडीतल्या माझ्या नणंदेला याच कारणाने कनेक्शन मिळाले नाही.

पहिल्याच आठवड्यात अम्मींची शंका खरी ठरते की काय असे वाटू लागले. फोन एंगेज लागत नव्हता, पण घंटी वाजली की इंटरनेट तुटायचे आणि बोलताना कानात बारीक शूं-शूं ऐकू यायचे. अम्मी नुसत्या माझ्याकडे पाहायच्या. जोडणी करून गेलेला माणूस परत यायला तयार नव्हता. मग गावचे लाइनमन आले. ते अब्बांच्या काळापासून आमची लाइन सांभाळत होते, मुलगी त्यांना काकाच म्हणायची. त्यांनी चहा घेता घेता विचारले, “वरच्या खोलीत अम्मींचा दुसरा फोन आहे ना?” होता. तो पॅरलल फोन भिंतीतून थेट मूळ तारेला जोडलेला होता आणि त्याला फिल्टरच नव्हता. फिल्टर फक्त हॉलमधल्या फोनला लावून तो माणूस निघून गेला होता. काकांनी खिशातून काड्याच्या पेटीएवढा दुसरा फिल्टर काढला, वरच्या फोनला लावला आणि शूं-शूं थांबले. अम्मींनी रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ तपासले. मग म्हणाल्या, “चहा आणखी आण त्यांना.”

काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली, ती पुढे दर पावसाळ्यात कामी आली. फोनवर घरघर येत असेल तर इंटरनेटची तक्रार करू नका, आधी फोनची करा. जॉइंटमध्ये पाणी शिरले, की दोन्ही बिघडतात. आमच्या लाइनचा डीपी फणसाच्या झाडाखाली होता. जूनमध्ये त्यात पाणी आणि इतर दिवसांत मुंग्या. आणि विजा चमकू लागल्या, की मोडेमची तार भिंतीतून काढून ठेवायची. हे काम अम्मींनी आपणहून स्वतःकडे घेतले. वायर काढण्याचा त्यांना अनुभव होताच.

कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवायचा, पडदा येणाजाणाऱ्याला दिसेल असा, हे दिरांनी सांगितले आणि मुलीने आनंदाने मान्य केले. तिला लपवायचे काही नव्हते. तिला शिकायचे होते. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटेलवरची व्याख्याने फुकट पाहता यायची, पण 256 च्या वेगावर चित्र दर अर्ध्या मिनिटाला थांबायचे. शिवाय महिन्याचा कोटा ठरलेला, वर पैसे. मग आम्ही अशी योजना घेतली, जिच्यात रात्री दोन ते सकाळी आठपर्यंतचा वापर मोजला जात नव्हता. हिशेब मुलीनेच केला. सेकंदाला 32 किलोबाइट, म्हणजे 100 एमबीच्या एका व्याख्यानाला 50 मिनिटांच्या थोडे वर. सहा तासांत सहा व्याख्याने. दोनचा गजर लावून ती उठायची, डाउनलोड सुरू करून परत झोपायची आणि फजरला उठून पाहायची. 2010 साली रमजान ऑगस्टमध्ये आला. सहेरीला सगळे घर जागेच असायचे. इकडे तव्यावर भाकरी, तिकडे पडद्यावर हिरवी पट्टी सरकतेय, आणि अम्मी विचारतायत, “तुझे मास्तर किती उतरले?”

त्याच काळात माझ्या पतींनी कुवेतमध्ये वेबकॅम घेतला. आम्हीही घेतला. पण त्या वेगावर चित्र आणि आवाज दोन्ही एकदम पाठवले, की आवाज तुटायचा आणि अम्मी घाबरायच्या. मुलीने उपाय काढला. आवाज बंद करून याहू मेसेंजरवर फक्त चित्र लावले, आणि जुम्म्याचा फोन नेहमीप्रमाणे टेलिफोनवर आला. अम्मींच्या एका कानाला रिसीव्हर, समोर पडद्यावर लेक. चित्र अस्पष्ट, दोन सेकंद मागे. तो बोलून झाल्यावर त्याचे ओठ हलायचे. अम्मी त्या दिवशी फारसे बोलल्याच नाहीत. “बारीक झाला आहेस,” एवढेच म्हणाल्या. आवाज आणि चेहरा, दोन्ही अब्बांनी सहा वर्षे वाट पाहून घेतलेल्या त्याच दोन तारांवरून येत होते.

अम्मी 2014 साली अल्लाहला प्याऱ्या झाल्या. ब्रॉडबँडची किमान व्याख्या तोवर 512 झाली होती, आणि 2023 साली ती 2 मेगाबिट झाली. जुलै 2021 च्या चिपळूणच्या महापुरानंतर आमच्या भागात फायबर आला आणि तांब्याची तार खांबावरून निघाली. माझी मुलगी आज एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. तिच्या वर्गात मुलीच जास्त आहेत.

आज घरोघरी मोबाइल आहेत, तरी भांडण तेच आहे. आजीला नातवाचा फोन नको वाटतो, नातवाला आजीचे बोलणे अडचण वाटते, आणि घरातले कर्ते कोणाला तरी एकाला गप्प बसवून प्रश्न मिटवू पाहतात. बहुतेक वेळा ते एक माणूस म्हणजे म्हातारी आई किंवा शिकणारी मुलगी असते. आमच्या घरात दोघींपैकी कोणालाही गप्प बसावे लागले नाही. त्यासाठी पाच महिने ऑफिसच्या फेऱ्या झाल्या, एका जाणत्या लाइनमनचा सल्ला लागला आणि काड्याच्या पेटीएवढा एक फिल्टर लागला. इतके कष्ट घेण्याजोगे ते होते, असे मला आजही वाटते.