ज्युलीचं काय करायचं?

रोमच्या ज्युलियस सीझरच्या आत्याचं नाव ज्युलिया. दोन्ही बहिणी ज्युलिया. मुलगीसुद्धा ज्युलियाच! (एकाच नावाचे चार व्हेरिएबल.. कंपायलरने हात टेकले असते.) कारण ते नाव कसलं, ज्युलियस घराण्याचं आडनावच, फक्त स्त्रीलिंगी. आपला जुलैही त्याच सीझरवरून आलाय. असो.

लॅटिनमधल्या ज्युलियाची फ्रेंचांनी 'ज्युली' केली. ती इंग्रजांकडे गेली आणि १९७५ च्या 'ज्युली' सिनेमातून आमच्या जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये पोचली. मावशीला सिनेमा भारी आवडायचा, म्हणून लेकीचं नाव ज्युली.

आता तिचं लग्न ठरलंय. सासरचे म्हणतात, नाव ख्रिश्चन वाटतं, तांदळाच्या ताटात दुसरं लिहू. अहो, हे नाव ख्रिस्ताच्याही आधीचं! शिवाय रोममध्ये लग्नानंतर बाईचं नाव बदलत नसे. पॉम्पीची बायको झाल्यावरही सीझरची लेक ज्युलियाच राहिली.

हे सगळं मी मावशीला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "तूच सांग नं मंग त्यायले."

ज्युलीला मात्र रोमशी काही देणंघेणं नाही. म्हणते, "दादा, ताटात दुसरं काही लिहिलं, तर मी तांदूळ तिथंच विस्कटीन."