करी रोडची झिलई

गणपतीचे दिवस सोडले तर मुंबईत ज्या स्टेशनांवर कामाखेरीज कुणी उतरत नाही, त्यांत करी रोडचा नंबर बराच वर लागेल. नाव ऐकून परगावच्या पाहुण्यांना आमटी आठवते. पण हे करी म्हणजे जुन्या बी. बी. सी. आय. रेल्वेचे एजंट चार्ल्स करी. चिंचपोकळी आणि परळ यांच्या मध्ये हे स्टेशन अंग चोरून बसले आहे. बाहेर पडावे तो अरुंद रस्ता, लालबागकडे वळणारी गर्दी, आणि मान वर करावी तर गिरण्यांच्या जागी उठलेले मनोरे. समुद्राचा येथे मागमूसही नाही. मात्र अठराव्या शतकात हॉर्नबीच्या बांधाने वरळीची खिंड बुजली, त्याआधी परळ आणि वरळी ही दोन निराळी बेटे होती आणि मधल्या सखल भागात भरतीचे पाणी शिरत असे. होडीची गोष्ट करी रोडवरून सुरू करायला एवढा आधार मला पुरे आहे.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक पॉलिशवाले राहतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांचे वडील गिरणीत साच्यांवर होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि त्यांचे साचे थांबले ते थांबलेच. मुलगा गॅरेजात शिरला आणि मोटारींना झिलई करण्यात तरबेज झाला. गेल्या दसऱ्यानंतर माझी एक विद्यार्थिनी वर्गाबाहेर थांबली. तिचे वडील वरळी कोळीवाड्यातले नाखवा. जुनी फायबरची होडी विकायची होती, पण रंग असा विटला होता की गिऱ्हाईक दुरूनच नाक मुरडत होते. ‘सर, तुमच्याकडे कुणी आहे का?’ मी भाऊंना घेऊन निघालो.

करी रोडचा पूल, लोअर परळ, वरळी नाका आणि मग कोळीवाडा. टॅक्सीने हे अंतर किती ते गर्दी ठरवते. पण नाक्यापुढे गल्ल्या अरुंद होत जातात, सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो आणि एकाएकी पाणी दिसते. एका अंगाला वरळीचा किल्ला, पलीकडे 2009 साली खुला झालेला सागरी सेतू. किनाऱ्यावर ओळीने होड्या. आमची होडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. कधी काळी ती निळी असावी. भाऊंनी तिच्या अंगावरून तळवा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा!

‘हे उन्हाचे काम,’ ते म्हणाले. फायबरच्या होडीला बाहेरून रंगीत राळेचा एक गुळगुळीत थर असतो, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्याचा वरचा पापुद्रा मरतो आणि खडूसारखा सुटू लागतो. मेलेला तेवढा उतरवायचा आणि खालचा जिवंत थर उघडा करायचा, ही सगळी विद्या. हात जड झाला तर थरच संपतो. कडांवर तर तो आधीच पातळ असतो.

पुढचे तीन दिवस सुट्टीचेच होते, म्हणून मी पहाटेच जाऊन बसत असे. ऊन तापले की काम बंद. अंग गरम झाले की पॉलिश धड बसत नाही. आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने मीठ धुतले, डिझेलचे ओघळ काढले, बुडाला चिकटलेले शिंपल्यांचे थर खरवडले. मग पाणी मारत पॉलिश पेपर: आठशे नंबरचा, मग बाराशेचा, मग दोन हजाराचा. आकडा चढेल तसा कागद मऊ, हा हिशोब माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला पचायला वेळ लागला. नाळेवर नोंदणीचा नंबर होता. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदाशी तो जुळायला हवा, म्हणून भाऊंनी त्यावर चिकटपट्टी लावून तेवढा भाग जपला. त्यानंतर कंपाउंड, लोकरी गादीचे मशीन, आणि हातभर जागेत सावकाश फेरे. खडूतून निळाई वर येऊ लागली तशी शेजारच्या होड्यांवरची पोरे जवळ सरकली.

नाखवा शेजारी जाळे विणत बसलेले. त्यांच्या वडिलांची होडी लाकडाची होती. तिला दर वर्षी तेल पाजावे लागे, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरावा लागे. ‘लाकूड खोटं बोलत नाही,’ ते म्हणाले. ‘कुजलं की मऊ लागतं. हे फायबर वरून हसत राहतं.’

आणि तिसऱ्या दिवशी तेच झाले. मशीन फिरवता फिरवता भाऊ थांबले. हातोडीच्या दांड्याने त्यांनी होडीचे अंग ठोकून पाहिले. टण, टण, टण, आणि मग बद्द. पुन्हा बद्द. पाण्याच्या रेघेच्या वर, दोन तळव्यांएवढ्या जागेत आतले पापुद्रे सुटले होते. वरून मात्र आरसा!

नाखव्यांचा मुलगा म्हणाला, लांबी भरून वरून पॉलिश मारले की दिसायचे नाही. अलिबागकडचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होते. किंमत ठरत आली होती, आणि त्या पैशांतून धाकटीची फी व इंजिनाचे देणे फिटायचे होते. मुलगा वाईट नव्हता. घरचा हिशोब त्याच्या डोळ्यांपुढे होता. धाकटी, म्हणजे माझी विद्यार्थिनी, तेव्हा चहा घेऊन आली होती. ती काही बोलली नाही. मीही गप्प बसलो. परक्याच्या पैशावर सल्ला देणे सोपे असते.

भाऊ म्हणाले, ‘मोटार असती तर भरली असती. रस्त्यात बंद पडली तर माणूस उतरून चालू लागतो.’

नाखव्यांनी जाळे खाली ठेवले. बराच वेळ ते त्या जागेवर बोट वाजवत राहिले. मग म्हणाले, ‘कापा.’

ती जागा घासून खोल केली, आत ओल निघाली. ओल्यावर राळ धरत नाही, म्हणून उन्हात नीट सुकू दिली. ऑक्टोबरचे ऊन त्या दिवशी कामी आले. मग काचेच्या धाग्यांच्या चटईचे तुकडे, एकावर एक, मोठ्यावर लहान, प्रत्येक थर राळेत भिजवून आणि ब्रशने आतली हवा दाबून काढून. संध्याकाळी ते दगडासारखे घट्ट झाले. भाऊ रंगाचा डबा उघडू लागले तर नाखव्यांनी हात धरला. ‘तेवढी जागा तशीच राहू दे. त्याला दिसू दे.’

सकाळी अलिबागवाले आले. निळ्या चमकत्या अंगावर तो करडा चौकोन पाहून आधी त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ठोकून पाहिले. टण. मग त्यांनी सगळी होडी ठोकली, पुढून मागून, अर्धा तास. ठरलेल्या पैशांतून आठ हजार उतरवले. नाखव्यांनी पाच कबूल केले. मुलगा तोंड फिरवून उभा होता, पण दोर सोडायला तोच पाण्यात शिरला.

भरतीला होडी निघाली. सेतूखालून जाईपर्यंत ती निळी दिसत होती आणि तो चौकोनही. भाऊंनी मजुरी मोजून घेतली, त्यातली दोन हजार धाकटीच्या हातावर ठेवून ‘फी’ एवढेच म्हणाले. आम्ही करी रोडला आलो तेव्हा चाळीच्या नळाला पाणी आले होते. त्यांनी मशीनच्या गाद्या धुवायला घेतल्या, पाणी निळे वाहू लागले, आणि बादली घेऊन मागे उभ्या असलेल्या काकूंनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले.