फोटो साफ, छाती नाही



गिरणीत एक्स-रेला आम्ही फोटो म्हणतो. फोटो साफ आला की माणूस बरा, असा सगळ्यांचा समज. हा समज आपल्याला मारतोय, म्हणून लिहितो.

मी सूतगिरणीत कार्डिंगला आहे. कापूस विंचरताना उडालेली धूळ भुवयांवर बसते, भाकरीवर बसते, आत जाते. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छातीवर कुणी बसल्यागत होतं. दुसऱ्या दिवशी जरा उतरतं. फोटो काढला. डॉक्टरनं उजेडाला धरला. "साफ आहे. बिडी सोड." मी बिडी ओढत नाही. काम काय करतो, हे त्यानं विचारलंच नाही.

मग मिळेल ते वाचलं. या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. धुळीनं श्वासनळ्या आवळतात, आणि सुरुवातीला फोटोत त्याची काहीच खूण नसते. ते फुंकून कळतं. पाळीआधी नळीत जोरानं फुंकायचं, पाळी सुटल्यावर पुन्हा. पहिल्या सेकंदातला वारा घटला की समजायचं. जॉन हचिन्सननं फुंकायचं यंत्र १८४६ साली जगापुढं मांडलं. राँटजेनला एक्स-रे सापडले १८९५ साली. जुनं यंत्र अजून आमच्या गेटात आलेलं नाही.

फोटोला मी नावं ठेवत नाही. टीबीत तो जीव वाचवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के फोटो नसता तर निसटले असते. खोकला नसला तरी डाग दिसतो. माझ्या जोडीच्या पोराचं शिबिरात असंच कळलं. थुंकी तपासली, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आज पाळीत उभा आहे. वस्तीत फोटोची गाडी आली की आपण आधी रांगेत उभं राहायचं, म्हाताऱ्यांना न्यायचं.

पण कुणाची छाती कुठल्या खात्यात झिजली, ते फोटो सांगत नाही. ते जात सांगते. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना जास्त पगाराच्या विणाई खात्यात घेत नव्हते. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, त्याचा विटाळ. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा सवाल उभा केला. आमच्या तोंडाचा विटाळ धरला, आमच्या फुप्फुसातल्या धुळीचा कुणी धरला नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं हा रोग सरकारला कळवायच्या यादीत घातला होता. पण निदान नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर भरपाई नाही. 'साफ' हा शब्द मालकाला स्वस्त पडतो. लवकर कळलं, माणूस धुळीतून हलवला, तर छाती मोकळी होते. वर्षं गेली की धाप जन्माची.

म्हणून फोटो पायजेच, पण जोडीला फुंकनळी पायजे, पाळीआधी आणि पाळीनंतर. डॉक्टरनं खातं विचारायचं, कागदावर लिहायचं. तसा अर्ज मी लिहिलाय. पंचवीस सह्या झाल्यात. तुमच्या गावात गिरणी असेल तर तुम्हीही लिहा.