तीनातली दोन

तर झालं असं, की २०२० च्या नोव्हेंबरात मी वर्क फ्रॉम होममुळे कोल्हापुरात घरीच होतो. जेवता जेवता बाबांनी विचारलं, "काय रं, तुझ्या त्या एक्सेलात हत्यारांची तुलना जमंल काय?"

मला ठसकाच लागला. हत्यारं हा आमच्या घरात बोलायचा विषय नव्हे. बाबा गुळाचे अडते. हंगामात यार्डातून रात्री रोकड घरी आणायची, म्हणून फार वर्षांपूर्वी परवाना काढलेला. एक कानपूरचं .३२ चं रिव्हॉल्व्हर, एक .३२ चंच पिस्तूल, आणि आजोबांकडून आलेली बारा बोअरची दुनळी. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. तीनऐवजी दोनच, तेही वारशानं आलेली धरून. तिसरं वर्षभरात जमा करायचं. (मूळ विधेयकात तर एकच होतं!)

झालं, बसलो लॅपटॉप घेऊन. ९ एमएम सामान्य माणसाला मिळतच नाही, त्यामुळे बोअरचा कॉलम निकालात. वजन: रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅम. (२०१४ साली ५०० ग्रॅमचं 'निर्भीक' आलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. बाबा म्हणाले, एवढ्यात म्हस येती.) लपवणं: २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार बाहेर नेताना पूर्ण झाकलेलंच हवं, म्हणजे सिनेमातल्यासारखं कमरेला मिरवणं बाद. इथं चपटं पिस्तूल जिंकतं, शर्टाखाली कळतही नाही. रिव्हॉल्व्हरचं चक्र मात्र पोटाला टोचतं. उलट काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा घोडा पुन्हा ओढला की पुढचं काडतूस हजर. पिस्तुलाची स्लाईड ओढावी लागते. दुनळी तर लपवायचा प्रश्नच नाही.

उत्तर सरळ होतं. दोन्ही छोटी ठेवा, दुनळी द्या. मी स्क्रीन बाबांपुढे फिरवली.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पिस्तूल जाऊ दे."

"अहो बाबा, तेच तर सगळ्यात सोयीचं आहे!"

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं. मी शाळेत असताना एका रात्री दोघांनी त्यांची स्कूटर अडवली होती. पिस्तूल स्वेटरच्या आत, नळीत गोळी नाही. (पोरं घरात, गोळी भरून कोण ठेवणार?) एका हातात रोकडीची पिशवी. "स्लाईड वडायला दोन हात लागत्यात रं. पिशवी खाली ठिवावी लागली असती."

"मग?"

"मग काय? पिशवीच दिली."

च्यायला, माझ्या शीटमध्ये 'दुसऱ्या हातात काय आहे' असा कॉलमच नव्हता.

"म्हणजे रिव्हॉल्व्हर असतं तर काढलं असतं?"

बाबांनी ताटातला भात गोळा केला. "न्हाई. तवाबी पिशवीच दिली असती. पोरगं विशीचं नसंल त्यातलं एक."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं विक्रेत्याकडे गेलो. घरी दोनदा तपासलेलं पिस्तूल बाबांनी त्याला पुन्हा उघडून बघायला लावलं, मगच पावतीवर सही केली. परतताना गाडी मी चालवली. बाबांचा हात सवयीनं कमरेपाशी जात होता. त्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरीच होतं.