कानावर जाऊ नकोस

चि. ऋता,


व्हॅनचे कागद, किल्ल्या आणि तेल गळतं तिथे ठेवायचा ट्रे, सगळं तुझ्या ताब्यात दिलं. राहिलं ते टायमिंग. फोनवर सांगितलं तर तू नुसतं "हं, हं" करशील, म्हणून लिहून पाठवतोय.

लॉस एंजेलिसमध्ये तुला एखादा जाणकार भेटेलच, जो सांगेल की टायमिंग कानानं लावायचं असतं. इंजिन चालू ठेवायचं, डिस्ट्रिब्यूटर सैल करून फिरवायचा, आवाज खुलला की आवळायचा. त्याला चहा पाज, पण गाडीला हात लावू देऊ नकोस. ठिणगी जरा लवकर पडली की आयडलिंगला इंजिन जोरात फिरतं, कानाला बरं वाटतं. म्हणजे कान दर वेळी लवकरच्याच बाजूला ओढणार. आणि आपल्या या हवेनं गार होणाऱ्या इंजिनाला तेच सोसत नाही.

मिनिटाला ३००० फेरे असले की क्रँक सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरतं जळायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. फार आधी टाकली, तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब चढतो, हेड तापतं, नॉकिंग सुरू होतं. तुला ते ऐकूही येणार नाही: तू पुढच्या चाकांवर बसलेली, इंजिन पार शेपटाला, त्यात पंख्याचा घोंगाट. तापमानाचा काटाही नाही. पिस्टनला भोक पडल्यावरच कळायचं.

त्यातही तीन नंबरचा सिलिंडर जात्याच दुर्दैवी. आपली फोक्सवॅगन १९७० ची. तिचा ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, नेमका तीन नंबरच्या वाऱ्यात उभा आहे. त्या बिचाऱ्याला तापलेली हवा मिळते. १९७१ च्या मॉडेलपासून फोक्सवॅगननं कूलर बाजूला काढला. त्याआधीच्या कित्येक डिस्ट्रिब्यूटरांत काय केलं होतं, तर तीन नंबरचा कॅम असा घासला होता की त्याची ठिणगी दोन-चार अंश उशिरा पडावी. गार हवा देता येईना, तर ठिणगीलाच थांबवलं! जर्मनांचा हा जुगाड मला फार आवडतो. आपल्या गाडीत मात्र नंतर बसवलेला बॉशचा ००९ आहे, त्याच्याकडून असल्या लाडांची अपेक्षा नको. टायमिंग कायम एक नंबरवरच लाव.

वेगाप्रमाणे ठिणगी पुढे आणायला ००९ मध्ये फक्त वजनं आहेत, व्हॅक्यूम नाही. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर गाडी क्षणभर अडखळते. हे लपवायला लोक टायमिंग पुढे सरकवतात. तू तसं करू नकोस, अडखळू दे.

आता काम. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. आधी टॅपेट ०.१५ मिलिमीटर, मग पॉइंटची गॅप ०.४, टायमिंग शेवटी. क्रम उलटा चालत नाही, कारण गॅप बदलली की टायमिंगही हललं. जनरेटरच्या पुलीच्या नटाला २१ चा पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेनं फिरव. रोटर डिस्ट्रिब्यूटरच्या काठावरच्या खाचेसमोर आला की तो एक नंबर. क्रँकच्या पुलीवर साडेसात अंशांच्या खुणेत मी पांढरा रंग भरलाय. ती खूण क्रँककेसच्या दोन भागांच्या सांध्यासमोर नेमकी आण. बारा व्होल्टच्या दिव्याची एक वायर कॉइलच्या एक नंबर टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू कर. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या दिशेनं वळव, दिवा विझेल. मग उलट, अगदी सावकाश. दिवा लागला त्या क्षणी हात थांबव आणि आवळ. इग्निशन उगाच चालू ठेवू नकोस, कॉइल तापते. शेवटी क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हा बघ, कारण आवळताना डिस्ट्रिब्यूटर हमखास केसभर सरकतो.

हे झालं उभ्या गाडीचं. खरी परीक्षा टायमिंग लाइटनं, ३००० फेऱ्यांच्या वर: तिथे २८ ते ३२ अंश दिसले पाहिजेत. वजनं जुनी झाली की दोन्ही आकडे एकदम जुळत नाहीत. अशा वेळी साडेसात सोडून दे, पण बत्तीसच्या पुढे जाऊ देऊ नकोस.

काही महिन्यांनी गाडी सुस्त वाटेल. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होते, ठिणगी मागे पडते. तेव्हा डिस्ट्रिब्यूटर नाही, पॉइंट बघायचे. कुणी झिजलेल्या पॉइंटवर टायमिंग पुढे ओढून दिलं आणि तू नंतर नवे पॉइंट घातलेस, तर ते तेवढंच जास्त पुढे जाईल. कार्ब्युरेटरला सगळ्यात शेवटी हात लाव.

ग्रेपव्हाइनच्या चढाला वेळेवर तिसरा गिअर टाक. मागचे ट्रक हॉर्न वाजवतील, वाजवू दे. नव्या पॉइंटचा सेट आणि कंडेन्सर ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, त्याच्याखाली आईनं दिलेला चिवडा.

तुझा,
बाबा